नांगरटीनंतर, खडी पडण्याआधी

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, उन्हाळी नांगरट पडली आणि वळवाची एखादी सर येऊन गेली की खानदेशातल्या नदीकाठच्या वावरांमध्ये खापरं वर येतात. ढेकळं विरघळतात, माती खाली बसते आणि लाल-तपकिरी तुकडे धुऊन निघतात. तापी, गिरणा, पांझरा, बुराई, बोरी, गोमाई, कोणत्याही नदीचं नाव घ्या, तिच्या काठच्या शेतकऱ्याला हे नवं नाही. पोरं त्यातली चपटी खापरी उचलतात आणि लंगडी खेळतात. निंदताना पायाला टोचतात म्हणून बायका ती वेचून बांधावर टाकतात, आणि वर्षानुवर्षं हेच चालल्यामुळं काही बांधांत मातीइतकीच खापरं झाली आहेत.

मी धुळ्यात राहते, माहेर पांझरेच्या खोऱ्यातलं. आमच्या शिवारात नाल्याच्या वळणावर एक उंचवट्याचं वावर होतं. सातबाऱ्यावर त्याला नुसता गट नंबर, पण गावात सगळे त्याला पांढरीच म्हणत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही वाटणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या गावाला ठाऊक आहे. मातीची घरं पडली की त्याच जागी नवी उभी राहायची. चुलीची राख, शेण, उकिरडा, हाडं, फुटकी मडकी सगळं तिथंच मुरायचं. पिढ्यान् पिढ्या असं झालं की जमीन पुरुषभर उंच होते आणि माती करडी-पांढुरकी पडते. मग कधी नदी सरकली, कधी रोगराई आली, कधी लूटमार झाली, गाव उठून दुसरीकडं गेलं. पांढरी मागं राहिली. तिच्या मातीत फॉस्फरस भरपूर असतो, म्हणून ट्रॉल्या भरभरून ती काळ्या रानात टाकतात. धाब्याच्या घरांवर पसरायला नेतात, वीटभट्टीलाही जाते. जेसीबी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण पांढरी संपवत आलो आहोत, हेही खरंच आहे. फरक वेगाचा आहे. बैलगाडीनं दोन पिढ्यांत जेवढी माती गेली नसती, तेवढी आता एका दुपारी जाते.

आमची पांढरी अशीच गेली. त्या बाजूची जमीन एका सौर प्रकल्पासाठी भाड्यानं दिली गेली. पॅनेलच्या रांगा सरळ बसाव्यात म्हणून आधी सपाटीकरण झालं आणि उंचवटा म्हणून पहिला घाव पांढरीवर पडला. मी माहेरी गेले होते, म्हणून बघायला मिळालं. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलेलं होतं आणि कापलेली मातीची भिंत उन्हात ताजी, ओलसर उभी होती.

वर वीतभर नांगरटीची भुसभुशीत माती, तिच्यात पऱ्हाटीची मुळं. त्याखाली बोटभर जाडीचा राखेचा करडा पट्टा. त्याखाली पिवळसर, चोपून घट्ट केलेली माती, अगदी आडवी. ती घराची जमीन होती. कुणीतरी ती धुमसून, सारवून केली होती. तिच्या एका टोकाला भाजून विटकरी झालेला खोलगट भाग दिसत होता आणि त्यात कोळशाचे बारीक कण अजून काळेभोर होते. चूल. तिच्याखाली पुन्हा राख आणि त्याखाली पुन्हा एक जमीन, तिच्यावरही चूल. म्हणजे त्या जागी एक घर मोडून दुसरं झालं होतं आणि दुसऱ्या घरातल्या बाईनं चूल जवळजवळ पहिल्याच जागी मांडली होती. हे मला कुणी सांगावं लागलं नाही, समोर दिसत होतं.

बाजूच्या ढिगातलं एक खापर मी हातात घेतलं. पातळ, लाल, चकाकी नसलेलं, वर काळ्या रंगात शेजारी-शेजारी ओढलेल्या तिरप्या रेघा. आतल्या बाजूला चाकावर फिरताना उमटलेल्या कुंभाराच्या बोटांच्या गोल रेषा. नखानं टिचकी मारली तर टण्ण वाजलं. ही जोर्वे धाटणीची भांडी, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव पडलेली. चांगल्या भट्टीत कडक भाजलेली असतात, म्हणून धातूसारखी वाजतात. त्यांचा काळ ढोबळमानानं इसवी सनापूर्वी १४०० पासून पुढचा. तेवढ्यात मशीनचा ड्रायव्हर आला. चांगला मुलगा होता. "ताई, जरा बाजूला व्हा, बकेट फिरंल," म्हणाला. त्याला काय तोडायचं ते सांगितलेलं होतं. काय जपायचं ते त्याला किंवा त्याच्या वरच्या कुणालाच सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती भिंत, दोन्ही घरं आणि दोन्ही चुली खालच्या खळग्यात भर म्हणून गेल्या.

तेव्हापासून, जमीन सपाट करण्याआधी तिच्यात काय आहे ते कुणीतरी बघायला हवं, हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

खानदेश म्हटलं की लोकांना केळी, कापूस, भरीत, अहिराणी आठवतं. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांची जी मोजकी गावं उकरून पाहिली गेली, त्यांतली कितीतरी आपल्याकडची आहेत, हे आपल्या शाळांमध्येसुद्धा सांगत नाहीत. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे घ्या. दक्षिण काशी म्हणून आपण तिथं केदारेश्वराला जातो, नदीत पाय बुडवून परत येतो. त्याच गावच्या टेकाडावर १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगापासून, म्हणजे माणसं तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबतच वापरत तेव्हापासून, थेट अकराव्या शतकापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक निघाले. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ आणि समोरच्या काठावर टेकवाडे. तिथलं काम पुरातत्त्वज्ञ एम. एन. देशपांडे यांनी केलं, एका काठावर वस्ती आणि दुसऱ्या काठावर दफनं. तापीकाठच्या सावळद्यावरून तर एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं. चार हजार वर्षांमागच्या त्या लोकांची घरं कशी होती, ते साक्री तालुक्यातल्या कावठ्याला कळलं. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथं खणलं तेव्हा जमिनीत गोल खड्डे घेऊन त्यावर छप्पर घातलेली घरं निघाली. साक्रीच्या बाजाराला जाणाऱ्या एसटीतून आपण त्या घरांच्या शेजारून जातो.

आणि पाटणे. पाटणादेवीला जाणारे पुष्कळ आहेत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापला, त्याचा शिलालेख तिथला, इ. स. १२०७ चा. पण त्याच पाटण्याच्या परिसरात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला खणलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले आणि त्यातल्या एकावर बारीक रेघांची नक्षी कोरलेली होती. वय सुमारे २५ हजार वर्षं. चाळीसगावच्या रानात शहामृग पळत होते आणि त्यांच्या अंड्याच्या टरफलावर कुणीतरी बसून नक्षी काढत होतं. जेव्हा जेव्हा हे आठवतं तेव्हा मला अंगावर काटा येतो. साळींनी धुळे जिल्हा पायी पालथा घातला, नदीकाठ, घळी, टेकाडं. आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं त्या चालण्यातून आलेलं आहे.

पण उत्खनन झालेली ही गावं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. उरलेल्या पांढऱ्यांची नोंद लोकांच्या तोंडी आहे, कागदावर नाही. आणि कायदा कागदावर चालतो. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा आणि १९६० चा राज्याचा कायदा, दोन्ही मुख्यतः घोषित झालेल्या जागांना संरक्षण देतात. घोषित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीनं, हा २०१० च्या दुरुस्तीचा नियम शहरातल्या फ्लॅटवाल्यांना चांगला पाठ आहे. पण जी जागा यादीतच नाही, तिच्यापासून मीटर मोजणार कसे? पर्यावरण आघाताचं मूल्यांकन ज्या २००६ च्या अधिसूचनेनं होतं, तिच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत आणि सौर पॅनेलचे प्रकल्पही नाहीत. म्हणजे त्या वाटेनंही कुणी येऊन विचारत नाही.

मोठ्या रस्त्यांच्या कंत्राटांत एक कलम असतं, खोदताना काही सापडलं तर काम थांबवून कळवा. कलम चांगलं आहे, पण ते फार उशिरा जागं होतं. "सापडलं" याचा अर्थ बकेट आधीच आत गेलेली असते. आणि बकेटमधून सोन्याचा हंडा पडला तर ओरड होईल. राखेचा पट्टा पडला तर त्याकडं कोण बघणार? पुरातत्त्वाच्या दृष्टीनं त्या पट्ट्याची किंमत हंड्यापेक्षा जास्त असू शकते, कारण त्यात जळलेलं धान्य असतं. ती राख पाण्यात घोळवली की करपलेले दाणे वर तरंगतात. ते गाळून घेतले की त्या घरात काय शिजत होतं ते कळतं, आणि त्याच दाण्यांवरून रेडिओकार्बननं, म्हणजे त्यांत उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून, वयही काढता येतं.

सापडलेली वस्तू आणि खणून काढलेली वस्तू यांत किती अंतर असतं ते दायमाबादला दिसतं. दायमाबाद प्रवरेकाठी, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं, पण तिथला सगळ्यात खालचा थर आपल्या सावळद्याच्या लोकांचा. १९७४ साली तिथं एका भिल्ल माणसाला झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. मिळून साठ किलोंहून जास्त वजनाच्या. देशातल्या प्राचीन धातुकामात त्यांना तोड नाही. पुढं तिथं रीतसर उत्खनन झालं, तरी त्या चार वस्तूंच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद राहिलेच, कारण त्या थरातून खणून निघालेल्या नव्हत्या. त्यांच्याखाली कोणती जमीन होती, शेजारी कोणती खापरं होती, हे बघायची संधी मूळ उपटलं त्या क्षणी गेली. यात त्या माणसाचा दोष मुळीच नाही. त्याच्यामुळंच त्या वस्तू आपल्याला मिळाल्या.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं बघू, कारण हा विषय काढणारे बहुतेक लोक तिथंच चुकीचं बोलतात. आमच्या पांढरीला लागून जिभाऊंचं वावर आहे. नातं म्हणून नाही, सगळं गावच त्यांना जिभाऊ म्हणतं. त्यांच्या बांधावर मी वाकून काहीतरी बघत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "काय धुंडी राहिनी व माय, सोनं का?" मी खापरं दाखवली. "त्या ते दर साल निंघतस," म्हणाले आणि खळ्यातून एक दगड आणून दाखवला. मधोमध घासून खोलगट झालेला पाटा, लांबीला हातभर. नांगराला अडकला होता. कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरत होते. मी म्हटलं, जिभाऊ, हे कुणाला दाखवायला हवं. त्यांचा चेहरा बदलला. "मंग सरकार वावर लई लेई ना?"

ही भीती उगाच आलेली नाही. धरणात, रस्त्यात, कालव्यात जमीन गेलेली आणि मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यात १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवायची, नाही कळवली तर शिक्षा. गावात या कायद्याचं नाव कुणाला माहीत नसतं, पण त्याची दहशत मात्र पोचलेली असते. म्हणून शहाणा शेतकरी गप्प राहतो. मूर्ती मिळाली तर गुपचूप पारावर ठेवून शेंदूर लावतो, नाणी मिळाली तर सोनाराकडं जातात, खापरं बांधावर. त्याला "वारशाची जाणीव नाही" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. दोन एकर कोरडवाहू असलेल्या माणसानं इतिहासासाठी हंगाम बुडवावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. जमिनीचा वापर बदलायच्या आधी तिची पाहणी व्हावी. तिचा खर्च बांधणाऱ्यानं द्यावा. शेतकऱ्याचा एक रुपयाही त्यात जाऊ नये, उलट पाहणीच्या दिवसांचा मोबदला त्याला मिळावा. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाच्या परवानगीशी अशी पाहणी जोडलेली आहे आणि तिथं त्यानंतर झालेलं बहुतेक उत्खनन बांधकाम करणाऱ्यांच्या पैशानं झालेलं आहे. फ्रान्सनं त्यासाठी कायदा करून वेगळी राष्ट्रीय संस्थाच उभी केली. आपल्यालाही हे अगदी अनोळखी नाही. नागार्जुनसागर धरणात बुडणार म्हणून १९५४ ते १९६० नागार्जुनकोंड्याचं अख्खं खोरं खणून काढलं आणि महत्त्वाची स्मारकं उचलून टेकडीवर मांडली. तिथं स्तूप आणि शिल्पं होती. राख, चूल आणि खापरांसाठी तेवढा खटाटोप होणार नाही, हे मला समजतं. पण राख आणि चुलीसाठी तेवढा लागतही नाही.

पाहणी म्हणजे वर्षानुवर्षं काम अडवून ठेवणं, असा समज आहे. प्रत्यक्षात पहिलं काम टेबलावरचं असतं. गावनकाशा, जुनी टिपणं, महसुली दप्तरातली बेचिराख गावं, १८८० चं खानदेशाचं गॅझेटिअर, उपग्रहाचे फोटो. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथल्या कागदांत डोकं घालणारी माणसं अजून भेटतात. आणि सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वावरांची नावं विचारायची. गढीचं वावर, जुनं गावठाण, बुरुजाचं, पांढरीचं. अर्धा शोध तिथंच लागतो.

दुसरं काम चालायचं. नांगरट झाल्यावर माणसांची रांग करून, ठरावीक अंतर ठेवून, मान खाली घालून सरळ चालत जायचं आणि कुठं किती खापरं पडली आहेत ते जीपीएसवर टिपायचं. आपल्या काळ्या जमिनीत मात्र एक गोम आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची वस्तू खाली जाते, पावसाळ्यात जमीन फुगून सगळं पुन्हा हलतं. म्हणून वर दिसलं यावर थेट भरवसा ठेवता येत नाही. तापीच्या काठी तर याच्या उलट अडचण, पुराचा गाळ इतका जाड बसलेला असतो की जुनी वस्ती खोल गाडलेली असू शकते आणि वर एक खापरही दिसत नाही. तिथं घळीत उतरून कडा बघाव्या लागतात. त्या घळीसुद्धा आता सपाट करून केळीखाली येत आहेत.

तिसरं काम चाचणीच्या चरांचं. शिवाराच्या अगदी थोड्या भागात अरुंद चर घ्यायचे, दात नसलेल्या बकेटनं माती पातळ-पातळ सोलायची आणि अनुभवी माणूस शेजारी उभा राहून रंग बदलला की हात वर करणार. काहीच नाही मिळालं, तर बुजवून मोकळे. मिळालं तर बहुतेक वेळा खांब चार हात सरकवता येतो, केबलची वाट वळवता येते, पांढरी तारेच्या आत तशीच ठेवता येते. अगदीच इलाज नसेल तिथंच पूर्ण उत्खनन. पॅनेलच्या रांगेत दोन गुंठे मोकळे सोडले म्हणून वीज कमी पडत नाही. आमच्या पांढरीच्या वेळी कुणी एवढं जरी विचारलं असतं, तरी ती आज जागेवर असती.

मला घाई वाटते ती पुढच्या कामांची. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटरचा मार्ग, धुळे जिल्ह्यातून तापी ओलांडून जाणारा. ही रेल्वे खानदेशाला हवी आहे. आमच्या आजोबांच्या पिढीपासून लोक तिची वाट बघत आहेत आणि ती लवकर व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. पण सातपुड्याकडून दक्षिणेला जाणारी वाट आजची नाही. थाळनेरचा किल्ला त्याच वाटेवर तापीच्या उतारावर बसलेला आहे, खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या आधीपासून माणसं-गुरं तिथूनच उतरत आली. जिथं नदी ओलांडणं सोपं, तिथंच जुनी गावं. आपला भरावही तिथूनच जाणार, आणि भरावाला मुरूम-माती जवळच्याच उंचवट्यावरून उचलली जाणार. रुळांच्या जागेपेक्षा मला या मातीच्या खाणींची धास्ती जास्त आहे, कारण त्या कुठल्याच नकाशावर आधी दाखवलेल्या नसतात.

जिभाऊंशी मी पुन्हा बोलले. त्यांच्या वावराचा निम्मा भाग त्याच पांढरीवर आहे, तो अजून शाबूत आहे. तज्ज्ञांनी येऊन एक चर घेतला तर चालेल का, असं विचारलं. खूप वेळ विचार करून ते म्हणाले, "खड्डा करा, पन पेरनीना पहिले बुजी द्या. आनि जमीन मन्हीच राही, असं कागदवर लिखी द्या." दोन्ही अटी रास्त आहेत. दुसरी अट पुरी करण्यासाठी कुठला छापील फॉर्म नाही, तलाठी कार्यालयात नाही, तहसीलला नाही. तसा फॉर्म हवा, या मागणीचा अर्ज मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लिहिला आहे. सोबत आमच्या आजूबाजूच्या गावांतल्या पांढऱ्यांची यादी जोडते आहे, गाव, गट नंबर, वावराचं बोलीतलं नाव आणि आज तिथं काय उभं आहे एवढ्या चार रकान्यांची.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं शिवार धुळे, नंदुरबार, जळगावात आहे, त्यांनी आपल्या गावचे हे चार रकाने भरून ग्रामसभेत मांडावेत आणि ठरावाची नक्कल स्वतःजवळ ठेवावी. स्वतः खणू नका. खापर उचललंच, तर कुठल्या वावरातलं आणि कुठल्या बाजूच्या बांधाजवळचं, ते त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवा. मालकाचं नाव यादीत घालायचं की नाही, ते त्याला विचारूनच ठरवा.